यंदा फायनल, कोचचा शब्द

१२ एप्रिल, शनिवार

अभिने सकाळी जर्मनमधला एक कागद हातात दिला. "तेजू, हे मराठीत कर आणि गटावर टाक." गट म्हणजे कॉलेजच्या फुटबॉल टीमच्या आमच्या सपोर्टरांचा व्हॉट्सअ‍ॅप गट. इथं जर्मनीत शिकणारी मराठी पोरं, नेकारसुल्मच्या कार कंपनीतले इंजिनियर, त्यांच्या बायका, सगळे मिळून ब्याण्णव. ॲडमिन मी. कोचसाहेब, म्हणजे माझा नवरा अभि, स्वतः कुठल्याच गटावर नाहीत. बिल्डिंगच्या गटावर पार्किंगवरून भांडणं झाली तेव्हापासून सगळे सोडलेत.

कागदावर काय, तर: आठवड्याला एकच प्रॅक्टिस, मंगळवारची. मुलं इथं शिकायला आली आहेत, जुलैत परीक्षा. टीममध्ये अठरा जण. जो प्रॅक्टिसला येईल तो प्रत्येक मॅचमध्ये किमान अर्धा तास खेळेल (आमच्या लीगमध्ये कितीही खेळाडू बदलले तरी चालतात). सहा कॉलेजं, प्रत्येकी पाच मॅच, वरच्या दोघांची फायनल. गेल्या वर्षी आपण तिसरे आलो ते नशिबाने, एका कॉलेजने तर टीमच पाठवली नव्हती. यंदा दोन मॅच जिंकलो तर वर्ष चांगलं गेलं म्हणायचं. बाहेरून कुणाचं नाव घेऊन ओरडू नये.

दोन मॅच! वाचूनच डोकं फिरलं. मी कोल्हापूरची. आमच्या पेठेत सीझनच्या आधी कुणी "दोन जिंकलो तरी भरून पावलो" म्हटलं असतं तर त्याला कट्ट्यावर बसू दिलं नसतं. त्यात ईस्टरला माझे वडील, आप्पा, येतायत. चाळीस वर्षं पेठेच्या टीमची मॅच न चुकवलेला माणूस. माझं लग्न ठरताना त्यांनी मुलाबद्दल एकच विचारलं होतं, "अमरावतीचा हाय, म्हंजे फुटबॉलचं काय न्हाईच म्हणायचं?" त्यांना काय दाखवू, हा कागद?

ठेवला बाजूला. गटावर टाकलं: "यंदा फायनल! कोचचा शब्द आहे. पहिली मॅच २६ तारखेला, झाडून सगळ्यांनी यायचं."

दहा मिनिटांत साठ अंगठे. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण छान वाटलं, खोटं कशाला लिहू.

अभिने विचारलं, टाकलंस? म्हटलं, टाकलं.

१५ एप्रिल, मंगळवार

प्रॅक्टिसहून आला तो शीळ घालत. बाकी सहा दिवस हा माणूस इंजिनाच्या आकड्यांत बुडालेला असतो, जेवतानाही. मंगळवारी मात्र वेगळाच. याच कॉलेजात शिकायला आला तेव्हा एकटा होता, भाषा येत नव्हती, ह्या टीमनेच त्याला माणसांत आणलं. मानधन वगैरे काही नाही. कॉलेजच्या स्पोर्टरेफराटमधल्या, म्हणजे खेळ विभागातल्या, फ्राउ विंकलर दर वर्षी विचारतात, पुढच्या वर्षी आहात ना? तो दर वर्षी लाजत हो म्हणतो.

आज म्हणाला, "मुलं 'सर, फायनल, फायनल' करत होती. उत्साह आहे यंदा."

मी पोळ्या लाटत राहिले.

२१ एप्रिल, सोमवार

ईस्टरची सुट्टी. आप्पा आले. बॅगेत लोणचं, आमच्या लेकीला, रेवाला, फ्रॉक, आणि गुंडाळी करून आणलेला आठ फुटी फ्लेक्स! मीच फोनवर "फायनल" म्हणाले होते, त्यांनी पेठेत सांगितलं, पेठेने छापला. मध्ये अभिचा आमच्या लग्नातला फोटो, फेटा बांधलेला. वर "भावी चॅम्पियन". खाली "विजयाचे शिल्पकार मा. श्री. अभिजितराव यांचे हार्दिक अभिनंदन", आणि शुभेच्छुकांची अकरा तोंडं, त्यातले दोघे मलाही माहीत नाहीत.

अभि हसून हसून बेजार. मग म्हणाला, "पण आप्पा, अभिनंदन कशाचं? अजून एकही मॅच झाली नाहीये."

आप्पा: "हुईल की! तुमी शब्द दिलाय म्हटल्यावर."

अभिने माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं चहा टाकते. रेवा फ्लेक्सवर बसून चित्र काढायला लागली आणि आप्पा ओरडले, विषय बदलला. 

सांगून टाकायला हवं होतं. कागद दाखवून, हसत हसत. तेव्हा ते जमलं असतं.

२६ एप्रिल, शनिवार

३-१ जिंकलो. देवा, हरलो असतो तर बरं झालं असतं का? हे मी लिहितेय!

मैदानाभोवतीच्या जाळीपाशी साठएक माणसं. फ्लेक्स बांधला. समोरच्या टीमची पोरं त्याच्यासमोर उभी राहून सेल्फी काढत होती. आप्पांच्या भोवती कॉलेजची दहाबारा पोरं जमली. पेठेतली अंतिम सामन्याची वर्णनं, कोण कसा आडवा आला, कुठला कोच कसा रातोरात बदलला. पुण्याचा प्रणव, तो गटावर सगळ्यांत जास्त लिहितो, आप्पांना "गुरुजी" म्हणायला लागलाय.

समोरच्यांचे तीन मुख्य खेळाडू आजारी होते. हे अभिने घरी सांगितलं. गटावर कुणी लिहिलं नाही. मीही नाही.

१० मे, शनिवार

२-२. हाफटाइमला २-० पुढं होतो. मग अभिने एकदम पाच जण बदलले, कागदात लिहिल्याप्रमाणे. त्यात समीर. सोलापूरचा, अबोल, मेकाट्रॉनिक्सला. प्रॅक्टिसला सगळ्यांच्या आधी येऊन प्लास्टिकचे कोन मांडणारा. पाय मात्र जड. त्याने दिलेला पास थेट त्यांच्याकडे गेला आणि त्यावर गोल.

माझ्या कानाशी आप्पांचा आवाज: "का काढलं त्या दाढीवाल्याला? आरं, चांगला खेळालाय की त्यो! डोकं हाय का न्हाई कोचला?" सगळी जाळी हसली. मग पोरांना चेवच आला. समीरला नाव पडलं "अर्धा तास", तेवढाच खेळतो म्हणून. त्याच्याकडं बॉल गेला की "आला रे आला, अर्धा तास आला!"

अभिने एकदाच मान वळवून बघितलं. आप्पांकडं नाही. माझ्याकडं.

 घरी आल्यावर आप्पांनी त्याच्यासाठी खुर्ची ओढली. "बसा जावईबापू. दमलासा. तेजू, त्यांना आधी वाढ." एका माणसाच्या तोंडी दोन तास शिव्या आणि नंतर हे. अभिनेही मुकाट खाल्लं. जावयाचा मान घरात, मैदानावर तो कोच. आप्पांच्या डोक्यात ही दोन माणसं आहेत. माझ्या नवऱ्याला मात्र एकच पोट, दोन्ही तिथंच जातं.

११ मे, रविवार

आप्पांना म्हटलं, जरा बेतानं ओरडा. म्हणाले, "मी जावयाला बोलालोय व्हय? मी कोचला बोलालोय. शब्द दिलाय त्येनं."

आपलेच दात, आपलेच ओठ.

२४ मे, शनिवार

०-४.

चौथ्या गोलनंतर प्रणवने सुरू केलं, टाळ्या वाजवत, "कोच, घरी जा! कोच, घरी जा!" मराठीतच. जर्मन पोरांनीही अर्थ न कळता ताल धरला. मी तिथंच उभी, हातात रेवाची पाण्याची बाटली. रेवा मान वर करून म्हणाली, "आबर पापा आर्बाइटेट दोख नोख!" बाबाचं काम अजून संपलेलं नाही, मग त्याला घरी का पाठवतायत. सात वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये. म्हटलं, गंमत करतायत गं. "इस्ट आबर निख्ट लुस्टिष." गंमत नाहीये म्हणे.

गेनाऊ, बाई. अगदी बरोबर.

आता उरलेल्या दोन्ही जिंकल्या तरच फायनल. गटावर दिवसभर एकच: "कोचने स्वतः शब्द दिला होता." माझा १२ एप्रिलचा मेसेज कुणीतरी पुन्हा वर आणला. ॲडमिन आहे, पुसता आला असता. पण ज्यांनी वाचलाय त्यांच्या डोक्यातून कसा पुसणार? आणि पुसला तर विचारतील का पुसला. फोन उलटा करून ठेवला.

आज पहिल्यांदा हिशेबाने विचार केला. आठवड्याला दीड तास प्रॅक्टिस. तेही अर्ध्या मैदानावर, उरलेल्या अर्ध्यात मुलींची टीम. आमचा गोलकीपर शनिवारी बेकरीत कामाला, तिथून धावत येतो. आज आम्हाला हरवलेल्या कॉलेजात खेळाचं शिक्षण देणारा विभागच आहे, त्यांची निम्मी पोरं क्लबांतून खेळतात. अभिने दोन विजय लिहिले होते ते घाबरून नव्हे. तो मोजून बोलतो. मला माहीत होतं ते. एप्रिलमध्येही माहीत होतं.

२७ मे, मंगळवार

फ्राउ विंकलरची मेल. अभिने मोठ्याने वाचून दाखवली. सपोर्टरांनी पत्र दिलंय, एकतीस सह्या. "प्रशिक्षकांनी सीझनच्या सुरुवातीला फायनलचं आश्वासन दिलं, ते पाळण्याची त्यांची तयारी दिसत नाही, कमकुवत खेळाडूंना मुद्दाम खेळवतात, सबब प्रशिक्षक बदलावा." २० जूनला टेर्मिन दिलीय, बोलायला या म्हणून.

"मी कधी म्हटलं फायनल?" दोनदा म्हणाला. "तेजू, तू टाकलं होतंस ना मी लिहिलेलं? त्यात तर दोन लिहिलंय."

इथं सांगायचं होतं. तोंड उघडलंही.

"लोक काय, काहीही वाचतात," म्हणाले मी.

आप्पा शेजारच्या खोलीत खोकले. भिंतीपलीकडं शब्द नीट जात नाहीत, पण अभिचा आवाज कळतो.

प्रॅक्टिसला गेला. आज शीळ नाही.

३ जून, मंगळवार

समीर प्रॅक्टिसला आला नाही. अभिला मेसेज: सर, मी नसलो तर तुम्हाला चांगल्या मुलांना पूर्ण वेळ खेळवता येईल, माझ्यामुळे तुमचं पद जायला नको.

प्रॅक्टिस संपल्यावर अभि त्याच्या वोनहाइमवर गेला. हॉस्टेलच्या जिन्यातच बसून बोलले म्हणे. घरी आल्यावर बूट न काढता दारात उभा. म्हणाला, "तो पोरगा म्हणतो, सर, तुम्ही फायनल कबूल केली होती तर मला घ्यायलाच नको होतं. मी त्याला शपथेवर सांगितलं, मी कबूल केलेलं नाही. त्याचा विश्वास नाही बसला. म्हणाला, सर, गटावर आहे."

मग: "गटावर नेमकं काय आहे, तेजू?"

म्हटलं, बघून सांगते. बघून सांगते! माझ्याच हाताने लिहिलेलं मी बघून सांगणार होते. रेवाचा गृहपाठ निघाला, तो विषय तिथंच राहिला. त्याने पुन्हा विचारलं नाही. मला वाटतं तो आता विचारायला घाबरतोय.

१४ जून, शनिवार

 

जिंकणं भाग होतं. समीर आला होता, अभिने आणला. साठाव्या मिनिटाला १-१ असताना त्याला आत पाठवला. जाळीवर आरडाओरडा. आणि आप्पांना मी धरायच्या आत ते जाळीचं दार उघडून आत. थेट रेषेपर्यंत. रेषेच्याही आत. पायात माझ्या बागकामाच्या चपला. "त्येला भाईर घ्या! भाईर घ्या आधी!" समीरच्या दंडाला धरलं त्यांनी.

कोल्हापुरात हे चालतं असं नाही, पण होतं. चार जण हसून बाहेर काढतात आणि मॅच पुढं सुरू. इथं रेफरीने शिट्टी वाजवली आणि घड्याळ थांबवलं.  त्याने अभिला बोलावून सांगितलं, हे गृहस्थ बाहेर गेल्याशिवाय खेळ सुरू होणार नाही, आणि हे रिपोर्टमध्ये जाईल.

अभि चालत आला. आप्पांच्या कोपराला धरलं. "आप्पा, चला."

"हात सोडा, जावईबापू."

"चला आप्पा."

"शब्द पाळा आदी! मग हात लावा."

अभिने हात सोडला नाही. शंभर लोकांसमोर माझ्या बापाला माझ्या नवऱ्याने हाताला धरून बाहेर आणलं. कुणीतरी मोबाईलवर शूट करत होतं. दारापाशी मी. अभिने आप्पांचा हात माझ्या हातात दिला, सामान द्यावं तसा, आणि परत गेला.

१-२ हरलो. फायनल संपली.

१५ जून, रविवार

आप्पा सकाळपासून जेवले नाहीत. अभि रेवाला घेऊन नदीवर गेला, मुद्दामच. घरात आम्ही दोघंच.

आप्पा म्हणाले, "मला धरलं त्येचं काय न्हाई. म्या चुकलो, आत जायाला नको हुतं. पण माणसानं शब्द द्यावा आणि मग अठरा पोरं खेळवत बसावं? असल्या माणसावर कसा इस्वास ठेवायचा?"

मग सांगितलं. कागद आणला ड्रॉवरमधून, जर्मनमधला, एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली. मग माझा मेसेज दाखवला. का केलं तेही सांगितलं, की तुम्ही येणार होता, तुमच्यापुढं मला तो मोठा दिसायला हवा होता.

आप्पांनी कागद स्वतःच्या हातात घेतला. "अठरा पोरं, अर्धा तास. हे आदीच लिवलं हुतं व्हय त्यांनी?"

"हो."

"मग पाच आठवडे मी कुणावर वरडालो हुतो?"

मी रडायला लागले. त्यांनी समजूत घातली नाही. लहानपणी घालायचे. म्हणाले, "माझं नाव पुढं करू नगंस. मी मागितलं न्हवतं. त्यांना तुझ्या तोंडानं सांग, आजच. उद्यावर गेलं की तू पुन्हा चहा टाकशील."

टाकला नाही चहा. पण आज सांगितलंही नाही. संध्याकाळी रेवा अभिच्या मांडीवर झोपली होती, आणि मी म्हटलं आत्ता नको. भेकड.

१६ जून, सोमवार

सांगितलं. दोघेही ऑफिसातून आल्यावर, खाली पार्किंगमध्ये, गाडीतच. सगळं. कागद, मेसेज, २७ मेचं खोटं, ३ जूनचं.

मला वाटलं ओरडेल. मला ओरडायला हवाच होता, मी सवयीची आहे. त्याने चावी काढून हातात धरली नुसती.

"म्हणजे समीर खरं बोलत होता."

"हो."

"मी त्याच्यापुढं शपथ घेतली, तेजू."

 शेजारची बाई गाडी लावून, आम्हाला हात करून वर गेली. मग त्याने विचारलं, अगदी सरळ, चौकशी करावी तसं: "तुला दोन विजय कमी वाटले, की मी?"

मला उत्तर देता आलं नाही. वाट बघितली त्याने. मग दार उघडून गेला.

१७ जून, मंगळवार

गटावर टाकलं. त्याचा कागद, माझ्या भाषांतरासकट, एक शब्द न गाळता. खाली: "फायनलचा शब्द कोचने दिला नव्हता. तो मी त्यांच्या नावावर खपवला. समीर, तुझी माफी मागते. सही करणाऱ्यांना विनंती, पत्र मागे घ्या."

 मग अकरा जण गट सोडून गेले. एकाने हसण्याचं चित्र टाकलं. प्रणवचा फोन आला. "ताई, म्हणजे आम्ही चुकीच्या माणसाला बोललो?" हो म्हटलं. "मग आता तुम्हाला बोलायचं का?" म्हटलं, बोल. तो गडबडला. म्हणाला, "जाऊ द्या. पण दोन विजय म्हणजे खरंच कमी आहेत हो ताई, एवढ्यासाठी कोण येईल शनिवारी?"

त्याच्यावर चिडावं तरी कसं? एप्रिलमध्ये मी हेच म्हटलं होतं.

समीरचं उत्तर नाही. एकतिसातल्या नऊ जणांनी सही मागे घेतली.

अभि पाहुण्यासारखा वागतोय. "मीठ देतेस का?" "थँक्स." आप्पांना मात्र आज त्याने स्वतः डॉक्टरकडे नेलं, गुडघ्यासाठी. गाडीत काय बोलले ठाऊक नाही. परत आल्यावर आप्पा त्याला "अभिजित" म्हणायला लागलेत. नुसतं अभिजित. लग्नाला दहा वर्षं झाली, पहिल्यांदा.

२० जून, शुक्रवार

अभिबरोबर मीही गेले टेर्मिनला. नको म्हणाला होता, तरी गेले. फ्राउ विंकलरना सांगितलं, पत्रातलं आश्वासन माझं होतं, ह्यांचं नाही. त्यांनी लिहून घेतलं. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आल्झो, फायनल आम्ही कधी मागितलीच नव्हती." कॉलेजला ह्या टीमकडून एवढंच हवं असतं की मुलांनी वर्कशॉप आणि लायब्ररीतून बाहेर येऊन खेळावं. अठरांपैकी अठरा जण शेवटपर्यंत टिकले हे त्यांच्या दृष्टीने उत्तम.

मला हलकं वाटलं, पण क्षणभरच. पुढं त्या म्हणाल्या, अडचण वेगळी आहे. रेफरीचा रिपोर्ट आहे, मैदानात शिरलेला माणूस प्रशिक्षकाच्या घरचा आहे. एका विद्यार्थ्याला चिडवलं गेलं आणि ते पाच आठवडे चालू होतं. निर्णय त्या एकट्या घेणार नाहीत. शेवटच्या मॅचनंतरच्या मंगळवारी मुलांना विचारतील, हाच प्रशिक्षक हवा का. "आणि अर्थात, तुम्हाला स्वतःला हवं आहे का."

दर वर्षी लाजत हो म्हणणारा माणूस. आज म्हणाला, "विचार करून सांगतो."

२८ जून, शनिवार

शेवटची मॅच. १-१. हिशेब लिहून ठेवते: एक जिंकली, दोन बरोबरीत, दोन हरलो.

जाळीपाशी मोजून चौदा माणसं. प्रणव आला होता, खिशात हात घालून. आप्पांना आत यायला बंदी, ते रस्त्यापलीकडच्या बाकावर बसून बघत होते, तिथून निम्मंच मैदान दिसतं. ऊन मरणाचं. समीर पस्तीस मिनिटं खेळला. दोन पास चुकले, एक बरा गेला.  ओरडायची सवय लागलेली माणसं गप्प उभी राहिली की किती अवघडतात. मलाही हात कुठं ठेवावेत कळेना. सीझनभर आपण काय बघायला येत होतो, खेळ की आपलं नाव?

मॅच संपल्यावर मुलं गोल करून बसली, अभि मध्ये. मी रेवाला घेऊन गाडीपाशी थांबले. तो येताना आप्पांना घेऊन आला.

घरी आल्यावर आप्पा आणि रेवा वर गेले. मी त्याला म्हटलं, थांब. बारा दिवस झाले, तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय.

"नसलं द्यायचं तर राहू दे," म्हणाला.

काहीतरी गोड बोलता आलं असतं. आप्पांमुळे, पेठेमुळे, तू नव्हतास रे, वगैरे. बारा दिवस तेच पाठ करत होते. पण खोटं बोलून बोलून जीभ जड झालीये.

"तू," म्हटलं. "तेव्हा मला तू कमी वाटलास."

त्याने मान हलवली, आकडा जुळला की हलवतो तशी. चेहरा पडला, आणि तो त्याने लपवला नाही.

"आणि आता?" असं विचारेल म्हणून मी थांबले. त्याचं उत्तर माझ्याकडं होतं. त्याने विचारलं नाही.

म्हणाला, "मंगळवारी मलाही विचारतील, राहणार का. मी तुझ्या ह्या उत्तरासाठी थांबलो होतो."

"मग काय सांगणार?"

वरून रेवा खिडकीतून हाका मारत होती, आंघोळीला बाबाच हवा म्हणून. "येतो गं," म्हणाला आणि जिना चढून गेला. मी अजून खालीच आहे, गाडीत बसून हे लिहितेय.